ओटीपी न सांगताही पैसे जातात! घरातल्या ज्येष्ठांना सायबर फसवणुकीपासून कसं वाचवाल?

मध्यंतरी कोणालाही फोन लावला की रिंग वाजण्याआधी अमिताभ बच्चन यांचा आवाज ऐकू यायचा. सायबर गुन्हेगारांपासून सावध राहा, असं ते सांगायचे. आपण घाईत असायचो, त्यामुळे ती टेप कधी एकदा संपते असं व्हायचं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, ‘ओटीपी कोणाला सांगायचा नाही’ हे आज गावाकडच्या आजीलाही पाठ आहे.

मग तरीही रोज कोणाच्या ना कोणाच्या आई-बाबांचे, आजी-आजोबांचे पैसे का जातात?

कारण चोरांनाही ठाऊक आहे की आता ओटीपी कोणी सहज देत नाही. म्हणून त्यांनी पद्धत बदलली. आता बरेचदा ते ओटीपी मागतच नाहीत. ते माणसाला इतकं घाबरवतात, की तो स्वतः उठून बँकेत जातो, स्वतःच्या हाताने फॉर्म भरतो आणि स्वतःची एफडी मोडून पैसे पाठवतो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं तर ‘घर घेतोय’ असं सांगतो, कारण फोनवरच्या माणसाने तसंच सांगायला लावलेलं असतं.

तुम्ही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात, इंदूरमध्ये, हैदराबादला किंवा परदेशात असाल आणि आई-बाबा गावी दोघंच असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही स्वतःच साठी ओलांडलेली असेल, तर तो तुमच्यासाठीही आहे. वाचून झाल्यावर मुलांना पाठवा. कधीकधी त्यांनाही शिकवावं लागतं!

ज्येष्ठच का सापडतात?

‘म्हातारपणी कळत नाही हो त्यांना’ असं आपण पटकन बोलून जातो. हे चूक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांची ७ कोटी रुपयांना फसवणूक झाली. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. देशातल्या मोठ्या कापड उद्योगांपैकी एक चालवणारा हा माणूस. चोरांनी त्यांना मनी लाँडरिंगच्या खोट्या प्रकरणात अडकवल्याचं भासवलं, व्हिडिओ कॉलवर नजरकैदेत ठेवलं आणि चक्क सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीही दाखवली. त्यात खोटे सरन्यायाधीशसुद्धा होते. नंतर तक्रार झाली आणि पोलिसांनी त्यातली मोठी रक्कम परत मिळवली. पण मुद्दा असा, की आयुष्यभर व्यवहार केलेला माणूसही फसू शकतो. तेव्हा हा अकलेचा प्रश्न नाही.

मग कारणं काय? सगळ्यात साधं कारण म्हणजे पैसा. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पीएफ, ग्रॅच्युइटी, विकलेल्या जमिनीचे पैसे, वर्षानुवर्षं जपलेल्या एफडी. तरुण माणसाच्या खात्यात महिनाअखेरीला हजार-दोन हजार उरतात. आजोबांच्या खात्यात मात्र त्यांच्या आयुष्याची कमाई एकत्र पडून असते.

दुसरं कारण म्हणजे वेळ आणि एकटेपणा. दुपारी ११ ते ४ मध्ये घरात दुसरं कोणी नसतं. फोन आला की उचलायचा आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, ही त्या पिढीची सवय. आपल्यासारखा पटकन फोन कट करणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं.

तिसरं कारण म्हणजे सही-शिक्क्याचा धाक. ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखला, त्यांच्यापुढे व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली नोटीस आली की त्यांचे हातपाय गळतात. त्यातून समोरचा माणूस दमदाटीच्या सुरात हिंदी-इंग्रजी बोलणारा असेल, तर उलट प्रश्न विचारायचं धाडसच होत नाही.

आणि चौथं कारण सगळ्यात मोठं, लाज. त्याबद्दल पुढे बोलूच.

हे सहा फोन ओळखून ठेवा

प्रकार रोज नवीन निघतात, पण सांगाडा तोच असतो. घरी सगळ्यांनी मिळून एकदा हे वाचा.

*१. ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे.’* तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, अशी सुरुवात होते. मग फोन ‘पोलीस’, ‘सीबीआय’ किंवा ‘ईडी’कडे जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. कॅमेरा बंद करू नका, कोणाला सांगू नका, चौकशी पूर्ण होईपर्यंत पैसे ‘सरकारी खात्यात’ ठेवा, असं तो सांगतो.

लक्षात ठेवा, भारतातल्या कुठल्याच कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे मागत नाहीत. स्त्रीला तर अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकही करता येत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मधल्या ‘मन की बात’मध्ये या प्रकाराबद्दल सांगितलं होतं, आधी थांबा, मग विचार करा, मग कृती करा. हरयाणातल्या अंबाला इथल्या एका वृद्ध दांपत्याने अशाच प्रकारात एक कोटीहून अधिक रुपये गमावले. त्यांना न्यायालयाचे बनावट आदेश दाखवले होते. त्यांच्या तक्रारीनंतर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

*२. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल.’* मागचं बिल अपडेट झालेलं नाही, या नंबरवर ताबडतोब फोन करा, असा मेसेज येतो. फोन केला की दहा रुपये भरायला सांगून एखादं ॲप डाउनलोड करायला लावतात. इथेही कायदा माहीत असला तर भीती जाते. वीज कायदा २००३ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं होत नाही.

*३. ‘हयातीचा दाखला फोनवरच भरून देतो.’* ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की पेन्शनरांना असे फोन सुरू होतात. चोराकडे आधीच नाव, निवृत्तीची तारीख, पेन्शनचा नंबर अशी माहिती असते, त्यामुळे विश्वास बसतो. मग ‘आलेला नंबर सांगा’ म्हणतात. पेन्शन कार्यालय असा फोन करून दाखला भरून देत नाही. दाखला देणं हे पेन्शनरचं काम आहे. त्यासाठी बँक, पोस्ट किंवा मोबाइलवरचं जीवन प्रमाण ॲप हे साधे मार्ग आहेत. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरी येऊन सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना केली आहे. शाखेत जाऊन नक्की विचारा.

*४. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, बँकेची फाइल.* व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून परवानग्या दिल्या की फोनमधले मेसेज चोराला दिसायला लागतात, म्हणजे ओटीपीही. वर लिहिलंय ना, न सांगताही ओटीपी जातो, तो असा. कधीकधी ही फाइल ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचं व्हॉट्सॲप आधीच हॅक झालेलं असतं.

*५. ‘रिफंड घ्यायला पिन टाका.’* जुना सोफा विकायला काढला, गॅसचे पैसे परत येणार आहेत, तिकीट रद्द केलं, काहीही निमित्त असू शकतं. समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि पिन टाकायला सांगतो. हा एकच नियम आई-बाबांना तोंडपाठ करून द्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो.

*६. ‘आजी, मी बोलतोय. अपघात झालाय.’* रडवेला आवाज, मागे गोंगाट, पैसे लगेच पाठव आणि बाबांना सांगू नकोस. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. त्यासाठी सोशल मीडियावरची छोटीशी क्लिपही पुरते. नातवाचा आवाज ऐकल्यावर आजी विचार करत बसेल का? ती पैसे पाठवूनच मोकळी होईल.

याशिवाय शेअर बाजाराचे ‘गॅरंटीड नफा’ देणारे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, घरबसल्या लाइक करून पैसे कमवायच्या योजना आहेत. पण सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या सापडतील. भीती किंवा लोभ, घाई आणि गुपित. ‘आत्ताच्या आत्ता करा’ आणि ‘कोणाला सांगू नका’ ही दोन वाक्यं एकाच फोनवर ऐकू आली, की समजायचं, समोर चोर आहे. खऱ्या कामाला कोणी घरच्यांपासून लपवायला सांगत नाही.

पैशांसारखीच ओळखही चोरीला जाते

आपल्याकडे आधारची झेरॉक्स देणं हा जणू रिवाज झाला आहे. सिम घ्यायला, लॉजवर खोली घ्यायला, कुरिअरवाल्याला, झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली एक प्रत तर कुठे जाते कोणास ठाऊक! ही कागदपत्रं वापरून कोणी दुसऱ्याच्या नावावर सिम घेतं, कोणी ॲपवरून कर्ज उचलतं. वसुलीचा फोन येईपर्यंत घरच्यांना पत्ताच नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण गुन्हा घडण्याआधीच दार बंद केलेलं बरं. त्यासाठी या गोष्टी करता येतात:

आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो मोफत डाउनलोड होतो. साधी झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा.

बोटांच्या ठशांवर पैसे काढण्याची सोय गावोगावी आहे. काही टोळ्यांनी दस्तऐवजांवरच्या ठशांच्या नकला करून खाती रिकामी केली आहेत. त्यावर उपाय म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ते करता येतं. फक्त रेशन घेताना किंवा चेहरा-अंगठा दाखवून हयातीचा दाखला देताना ते तात्पुरतं उघडावं लागतं, हे आधीच समजावून सांगा, नाहीतर रेशन दुकानात आजी तुमच्या नावाने खडे फोडेल! आधारविषयी कुठलीही शंका असली तर १९४७ हा हेल्पलाइन नंबर आहे.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. संशयास्पद फोन आणि मेसेजची तक्रार करायला तिथेच ‘चक्षु’ नावाची सोय आहे.

प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो. आई-बाबांनी कधी कर्ज घेतलं नसेल तरी तो बघा. त्यांच्या नावावर कोणी कर्ज घेतलं असेल तर तिथे दिसेल.

आणि एक खूण लक्षात ठेवा. फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आलीच नाही, शेजारच्यांना मात्र रेंज आहे, तर वाट बघत बसू नका. कोणीतरी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

सगळ्यात अवघड भाग: बोलायचं कसं?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. वीजबिलाच्या अशाच एका फोनवर त्यांचे चाळीस हजार गेले. त्यांनी ते तीन आठवडे कोणालाही सांगितलं नाही. मुलगा बेंगळुरूला, रोज रात्री फोन करणारा. तरीही नाही सांगितलं. का? काकू म्हणाल्या, “तो आधीच म्हणत होता, आई, तुला यातलं काही कळत नाही, फोनवर पैशांचं काही करू नकोस. आता सांगितलं असतं तर त्याचंच खरं झालं असतं ना!”

त्या तीन आठवड्यांत पैसे कुठल्या कुठे गेले होते. पण काकूंना पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईने त्यानंतर फोनवरून बिल भरणंच सोडून दिलं. उन्हात जाऊन रांगेत उभ्या राहायच्या. चाळीस हजारांबरोबर त्यांचा स्वतःवरचा विश्वासही गेला होता.

म्हणून आपण घरी कसं बोलतो याला इतकं महत्त्व आहे. ‘सांगितलं होतं ना!’, ‘एवढं पण कळत नाही?’, ‘द्या तो फोन इकडे’, ही वाक्यं चोराच्या कामी येतात. कारण त्यानंतर आई-बाबा पुढची गोष्ट आपल्याला सांगायचं बंद करतात. आणि त्यांनी सांगितलं नाही, तर आपण काहीच करू शकत नाही.

त्याऐवजी असं करून बघा. लेक्चर देऊ नका, गोष्ट सांगा. “बाबा, ऑफिसमधल्या एकाच्या वडिलांना परवा सीबीआयच्या नावाने फोन आला होता. तुम्हाला आला असता तर तुम्ही काय केलं असतं?” असं विचारा आणि गप्प बसून ऐका. बाबा स्वतःच दहा उपाय सांगतील. जे उत्तर आपण स्वतः दिलेलं असतं, ते वेळेला आठवतं.

त्यांचा सल्ला घ्या. “आई, मला हा मेसेज आलाय, खरा वाटतो का गं तुला?” असं म्हणून तुम्हाला आलेला खोटा मेसेज तिला पाठवा. आठवड्याभरात तीच तुम्हाला नवनवीन मेसेज पकडून पाठवायला लागेल.

फोन कट करायची परवानगी द्या. हसू नका, ही खरंच द्यावी लागते! “अनोळखी माणसाचा फोन मध्येच ठेवला तर तो उद्धटपणा नाही. ‘मुलाला विचारून सांगते’ एवढं म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.” हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणून घ्या.

घरचा एक परवलीचा शब्द ठरवा. बाहेरच्या कोणाला माहीत नसलेला, घरातल्या जुन्या गमतीचा. कोणी कितीही रडत फोन केला तरी आधी तो शब्द विचारायचा. नातवंडांना हा खेळ फार आवडतो आणि आजी-आजोबांच्याही तो लक्षात राहतो.

आणि एक वचन द्या. “काहीही झालं, कितीही पैसे गेले, तरी आम्ही रागावणार नाही. फक्त पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला फोन करा.” आणि तशी वेळ आली तर ते पाळा.

रविवारच्या दुपारी एक तास काढा

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा चहा झाल्यावर आई-बाबांच्या शेजारी बसा आणि ही कामं एकत्र उरका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त सांगा.

• रोजच्या खर्चासाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. पेन्शन आणि एफडीचं खातं यूपीआयपासून लांब राहू द्या. चोर आला तरी त्याच्या हाती फार काही लागणार नाही.

• बँकेच्या ॲपमध्ये जाऊन रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करा. कार्डावरचे परदेशातले व्यवहार बंद करा. ऑनलाइन खरेदी करत नसतील तर तेही बंद करा.

• प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येतोय ना ते तपासा. बँकेत जुनाच नंबर असेल तर बदलून घ्या.

• व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, अनोळखी नंबरचे कॉल म्यूट करा आणि फोटो-फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

• प्ले स्टोअर सोडून बाहेरून ॲप घेण्याची परवानगी फोनमध्ये बंद आहे का ते बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी स्क्रीन दाखवणारी ॲप्स कोणाच्या सांगण्यावरून टाकली असतील तर काढून टाका.

• बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधायचा नाही, हे सांगा. तिथे खोटे नंबरही असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, तेही दाखवून ठेवा.

• कोणी फोनवर ‘स्टार’ आणि ‘हॅश’ची बटणं दाबून एखादा नंबर लावायला सांगितलं तर लावायचा नाही. त्याने आपले कॉल दुसरीकडे वळवले जाऊ शकतात.

• शेवटी एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन नंबर लिहा. तुमचा, बँकेचा आणि १९३०. तो कागद फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवा. ऐन वेळी फोनमध्ये शोधाशोध होत नाही, भिंतीवरचा कागद मात्र दिसतो.

आणि तरीही फसवणूक झालीच तर?

आधी त्यांना पाणी द्या आणि शेजारी बसा. पण लगेच कामालाही लागा, कारण इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि मग काढून घेतले जातात. ते काढून घेण्याआधी खातं गोठवलं गेलं, तर परत मिळण्याची आशा असते.

पहिलं काम, १९३० वर फोन. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे आणि तो देशभर चालतो. आई सांगलीत असो, बडोद्यात असो की ग्वाल्हेरला, नंबर तोच. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि खात्याची माहिती हाताशी ठेवा. लाइन लागली नाही तर पुन्हा लावा, किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याचा पत्ता आहे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

दुसरं काम, बँक. फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. नंतर लेखी अर्जही द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, तुमची आणि बँकेची कोणाचीच चूक नसताना खात्यातून परस्पर पैसे गेले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ते नुकसान तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर तुमच्यावर मर्यादित रकमेचीच जबाबदारी येते. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत लवकर कळवण्यातच फायदा आहे.

तिसरं काम, पुरावे. घाबरून चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, नंबर, मेसेज, पावत्या सगळं जपून ठेवा. फोनमध्ये एपीके फाइल गेली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि मग जाणकाराकडून फोन तपासून घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

आणि एक शेवटचा सापळा. एकदा फसलेल्या माणसाला काही दिवसांनी पुन्हा फोन येतो, “तुमचे गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, फक्त फी भरा.” वकील, सायबर अधिकारी, कोणाचंही नाव सांगतात. हीसुद्धा फसवणूकच असते. तक्रार करायला सरकार एक रुपयाही घेत नाही.

पैशांचं निस्तरताना त्या माणसाकडेही लक्ष ठेवा. जेवण कमी झालंय का? झोप लागते का? बाहेर जायचं टाळतात का? फसवणुकीनंतर अनेक ज्येष्ठ आतल्या आत स्वतःला दोष देत राहतात. चोरी झाली की आपण चोराला दोष देतो, कुलपाला नाही. तसंच इथेही आहे. त्यांना हे तोंडाने सांगा, एकदा नाही, चार वेळा. बोलायला कोणी तिसरं माणूस हवं असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आज आपण एखादं ॲप पाच मिनिटांत शिकतो. पण आपल्याला बोट धरून रस्ता ओलांडायला, बँकेत स्लिप भरायला आणि अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही हे शिकवायला याच माणसांनी कितीतरी वर्षं घालवली. तेव्हा आपण तोच प्रश्न दहादा विचारला असेल आणि त्यांनी दहादा उत्तर दिलं असेल. आता ‘ही लिंक उघडू का रे?’ असा फोन अकराव्यांदा आला, तर मीटिंगमधून बाहेर येऊन तो उचला. त्यांनी उघडण्याआधी विचारलं, म्हणजे तुमचं निम्मं काम झालेलं आहे.